दहावीत निबंध एका बैठकीत व्हायचा, आता प्रकल्पाचं एक पान सरकत नाही. तुमचं लिहिणं कसं बदलत गेलं?

कुचननगर

नमस्कार मंडळी. मी एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शोधप्रकल्पाचा विषय आहे सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांचं दिवसाचं वेळापत्रक. विषय मी स्वतः मागून घेतला. माझी अम्मा विड्या वळते, मावशी वळते, आमच्या गल्लीत दोन घरं सोडून तिसऱ्या घरात सूप मांडीवर घेऊन कोणीतरी बसलेलं असतंच. मुलाखती झाल्यात, रेकॉर्डिंग आहे, वाचनही बऱ्यापैकी झालंय. लिहायला बसलं की मात्र हात थांबतो.

मला लिहायला येत नव्हतं असं नाही. शाळेत माझा निबंध बाई वर्गात वाचून दाखवायच्या. 'पुस्तकाचे आत्मवृत्त', 'सूर्य उगवला नाही तर', विषय फळ्यावर पडला की पेन चालू. सुरुवातीला सुविचार, मधे तीन परिच्छेद, शेवटी कवितेच्या दोन ओळी. खाडाखोड नाही. बी.ए.ला साचा बदलला: प्रस्तावना, व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण-दोष, समारोप. तरी पंधरा गुणांच्या प्रश्नाला चार पानं सहज भरायची.

आता 'विडी उद्योग हा सोलापूर शहरातील एक महत्त्वाचा उद्योग आहे' हे वाक्य मी लिहिते, खोडते, पुन्हा तेच लिहिते. त्यात भाषांचा गुंता वेगळाच. बायका बोलतात तेलुगूत, वाचायचे लेख इंग्रजीत, लिहायचं मराठीत. अम्मा जे सांगते ते ऐकताना अंगावर येतं, आणि मराठीत उतरवलं की सरकारी पत्रकासारखं दिसतं.

मार्गदर्शक मॅडम म्हणतात, आधी लिहून आण, मग बोलू. वर्गातल्या काही जणी चॅटजीपीटीकडून लिहून घेतात आणि मोकळ्या होतात. मला ते करायचं नाहीये, पण तारीख जवळ येतेय.

तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का? शाळेत, कॉलेजात, नंतर, तुमची लिहायची पद्धत बदलली का, आणि कशी? जुना वेग परत येतो का?

होटगीरोड_मेकॅनिकल

ताई, काय टेन्शन घेऊलालाव. पहिलं वाक्य लिहूच नका.

आमच्याकडे पहिल्या वर्षी जर्नल असायचं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. वरून खाली भरत जायचं. शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट पॉवरलूमच्या मोटरी किती वीज खातात ते मोजण्याचा होता, तिथं वरून खाली जमेना. मग आम्ही आधी सगळे तक्ते आणि आलेख छापून भिंतीवर लावले, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहिल्या: यात काय दिसतंय, आणि काय विचित्र दिसतंय. त्या ओळी जोडल्या की मधली प्रकरणं तयार. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहिली, कारण कशाची प्रस्तावना करायची ते तोवर कळलेलं असतं.

तुमच्याकडे तर वेळापत्रकच आहे. एका बाईचा एक दिवस तक्त्यात मांडा आणि खाली विचित्र काय ते लिहा. माझी तेव्हापासून हीच पद्धत आहे, नोकरीतले रिपोर्टसुद्धा मी असेच लिहितो.

निवृत्त_मराठी_शिक्षक

मुली, तुझा प्रश्न वाचून मला माझ्या वर्गातल्या वह्या आठवल्या. सोलापुरात मराठी शिकवलं, त्यामुळे दर वर्षी जानेवारीनंतर एक निबंध ठरलेला: 'मी पाहिलेली गड्ड्याची यात्रा'. तो मी पाचवीलाही द्यायचो आणि नववीलाही, आणि कित्येकदा तीच मुलं दोन्हीकडे भेटायची.

पाचवीतला मुलगा लिहायचा: 'आम्ही होम मैदानावर गेलो. खूप गर्दी होती. बाबांनी मला खांद्यावर घेतले. मला नंदीध्वजाचे वरचे टोक दिसले, खालची माणसे दिसली नाहीत.' तोच मुलगा नववीत: 'सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर यांची यात्रा म्हणजे भक्तिभावाचा अथांग सागरच होय.' व्याकरण सुधारलेलं, परिच्छेद नीट पाडलेले, बाराबंदीतले भक्त, अक्षता सोहळा, सात नंदीध्वज, सगळी माहिती हजर. खांद्यावरून जे दिसलं होतं ते गेलेलं.

यात मुलांचा दोष नाही. मोठं होताना मूल आधी इतरांची भाषा अंगावर चढवतं, कारण शाळा, परीक्षा, वर्तमानपत्र सगळीकडे तीच दिसते. आणि ती भाषा यायलाही हवी. तुला परिच्छेद पाडता येतात, विषय सोडून वाक्य भरकटत नाही, एक मुद्दा चार पानं धरून ठेवता येतो, हे त्या निबंधांनीच दिलं. ते टाकून देऊ नकोस.

पण त्या निबंधांत मजकूर आधीच तयार होता. सूर्य उगवला नाही तर काय होईल हे तुला शोधावं लागलं नव्हतं. तुझ्या प्रकल्पात ते शोधायचं आहे. पाचवीतला मुलगा आणि नववीतला मुलगा या दोघांना आता एकत्र बसायचं आहे, आणि त्याला वेळ लागणारच.

सातरस्ता_इतिहास

कुचननगर, मी इथे कॉलेजात इतिहास शिकवते. 'सगळ्यांचं असंच होतं' एवढ्यानं तुमचं पान पुढे जाणार नाही, म्हणून माझं लिहिणं कसकसं बदललं ते जरा सविस्तर सांगते.

शाळेत मी पूर्ण वाक्य डोक्यात तयार करून मगच कागदावर उतरवायचे. खाडाखोड म्हणजे वही घाण. बी.ए.ला हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून संदर्भग्रंथांतले उतारे वहीत काढायचे. उत्तर लिहायचं म्हणजे ते उतारे क्रमानं लावायचे. एम.ए.ला उतारे वाढले, मधल्या माझ्या ओळी 'यावरून असे दिसून येते की' यापलीकडे फारशा गेल्या नाहीत. या सगळ्या काळात मी वेगानं लिहीत होते आणि मला लिहिणं आवडत होतं.

पीएच.डी.चा विषय घेतला १९३० चं सोलापूर. हा विषय आपल्या गावात शाळकरी पोरांनाही पाठ असतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. पहिलं प्रकरण मी तारखांच्या क्रमानं भरभर लिहून दिलं. माझ्या मार्गदर्शकांनी समासात एकच ओळ लिहून ते परत केलं: 'हे सगळं खरं आहे. यातलं तुम्हाला काय कळत नाही?'

त्या ओळीपाशी माझं लिहिणं बदललं. कळत नव्हतं असं खूप होतं, पण ते मी लिहिण्याच्या बाहेर ठेवत होते, कारण लिहायचं ते कळलेलंच, अशी शाळेपासूनची समजूत. पाळी सोडून चौकात आलेला कामगार कोणाच्या हाकेवर आला होता? काँग्रेसच्या, गिरणीतल्या सोबत्यांच्या, की पेठेतल्या शेजाऱ्यांच्या? सरकारी कागदात जो 'जमाव' आहे त्यात कोणकोण होतं? हे प्रश्न मी एका कोऱ्या पानावर लिहिले आणि ते पान टेबलावर समोर चिकटवलं. मग त्यातल्या एकेका प्रश्नाखाली हातानं, कच्चं, 'मला वाटतं', 'पण मग हे कसं बसतं', 'इथे पुरावा नाही' असल्या वाक्यांत लिहीत गेले. त्यातलं फार थोडं प्रबंधात गेलं. पण प्रबंधात जे सांगायचं होतं ते त्या कच्च्या पानांवर सापडलं, आधी डोक्यात नव्हतं.

यावर अभ्यास झालेला आहे, आणि तो वाचून मला मोठा आधार वाटला होता. अमेरिकेत जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये बारावीच्या आठ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना लिहितालिहिता मनातलं मोठ्यानं बोलायला सांगितलं होतं. आधी आराखडा, मग लेखन, मग तपासणी अशी शाळेत शिकवलेली सरळ वाट प्रत्यक्षात दिसली नाही. १९८१ मध्ये लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी तीच गोष्ट आणखी नेमकी मांडली: ठरवणं, लिहिणं आणि परत बघणं ही तिन्ही कामं एकमेकांत येत-जात राहतात, आणि लिहितानाच लिहिणाऱ्याचं उद्दिष्ट बदलतं.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा वाटतो तो नॅन्सी सॉमर्स यांचा १९८० चा अभ्यास. त्यांनी वीस नवखे कॉलेज विद्यार्थी आणि वीस अनुभवी लिहिणारे घेतले. प्रत्येकानं तीन लेख लिहिले आणि प्रत्येक लेख दोनदा पुन्हा लिहिला. विद्यार्थी बहुतेक शब्द बदलत होते: हा शब्द आधी आलाय, हा जरा चांगला आहे. अनुभवी लोक आपलं म्हणणं काय आहे तेच दुरुस्त करत होते, त्यासाठी क्रम बदलत, परिच्छेद काढून टाकत. तुम्ही ते 'महत्त्वाचा उद्योग आहे' वाक्य खोडता आणि परत लिहिता, तेव्हा तुम्ही शब्दांशी झगडताय. अडचण शब्दांत नाहीच, त्या वाक्यात तुमचं काही म्हणणं नाही.

कॅनडातल्या बेरायटर आणि स्कार्डामालिया यांनी १९८७ मध्ये दोन प्रकारचं लिहिणं वेगळं करून दाखवलं. एकात आपल्याला माहीत आहे ते आठवेल तसं सांगत जायचं. दुसऱ्यात लिहिता लिहिता माहिती तपासायची, तिची मोडतोड करायची, नवीन समज तयार करायची. पहिल्यात वेग असतो आणि दुसऱ्यात तसा वेग मिळत नाही. तुमचा दहावीतला वेग पहिल्या प्रकारातला होता. तो हरवलेला नाही, उद्या कोणी गड्ड्यावर निबंध मागितला तर तुम्ही आजही अर्ध्या तासात द्याल. तुमच्याकडून आता दुसरं काम मागितलं जातंय.

आता मी काय करते ते सांगते. यातलं जे चालेल ते घ्या.

कच्चं हातानं, फुलस्केपच्या एकाच बाजूला. संगणकावर खोडायला इतकं सोपं असतं की पहिल्या वाक्याभोवतीच संध्याकाळ जाते. दुसरा खर्डा मात्र संगणकावर, कारण तिथे परिच्छेद उचलून हलवता येतात.

भाषेबद्दल. तुम्ही तेलुगूत विचार करत असाल तर कच्चं तेलुगूतच करा. लिहायला येत नसेल तर मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा, आपल्या मैत्रिणीला सांगावं तसं. मग ते ऐकून मराठीत लिहा. बायकांनी वापरलेले कामाचे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत समजावून सांगा. पूर्व भागातल्या कितीतरी मुलामुलींना मी दोन भाषांत वावरताना बघते. ती तुमची ताकद आहे, कारण इंग्रजी लेख लिहिणाऱ्याला तुमच्या अम्माचं बोलणं थेट ऐकता आलेलं नसतं.

आणि ज्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला ते: खर्डा झाला की प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात तो काय म्हणतो ते पाच-सहा शब्दांत लिहा. समासात नुसती नावं आली, 'मजुरी', 'आरोग्य', 'शिक्षण', तर त्या परिच्छेदात अजून विचार झालेला नाही. समासात पूर्ण विधान आलं, 'मजुरी हजार विड्यांवर ठरते, वेळ कोणी मोजत नाही', तर तो परिच्छेद उभा आहे. मग फक्त समास वरून खाली वाचा. क्रम कुठे चुकतोय ते लगेच दिसतं.

चॅटजीपीटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते विडी कामगारांवर गुळगुळीत परिच्छेद देईल, आणि तो तुम्ही खोडताय त्याच वाक्यापासून सुरू होईल. शुद्धलेखन तपासायला घ्या हवं तर. कच्ची पानं मात्र कोणाकडूनही लिहून घेऊ नका, माझ्याकडूनसुद्धा नाही.

एक विनंती: सध्या जो परिच्छेद आहे तो, जसा आहे तसा, इथे टाका.

बातमीदार_नवीपेठ

माझं उलट झालं, म्हणून लिहितोय. पत्रकारितेचा अभ्यासक्रम करून लागलो तेव्हा महापालिकेच्या सभेची दीडशे शब्दांची बातमी लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागायची. आता सभागृहाच्या पायऱ्या उतरता उतरता मोबाईलवर होते. त्यामुळे वय आणि अनुभव वाढला की लिहिणं हळू होतं, असं कोणी समजू नये.

साचा मिळाला म्हणून वेग आला. काय झालं, कुठे, कोणी केलं, पुढे काय. सरांनी साच्याबद्दल लिहिलंय ते पटलं, पण साचा नसता तर रात्री अकराला पान सुटलं नसतं. तोच मी, बंद गिरण्यांच्या चाळींवर रविवारचा लेख लिहायला बसलो की पुन्हा नवखा होतो. तिथे साचा चालत नाही, चाळीतली प्रत्येक म्हातारी वेगळं सांगते. मग एका लेखाला आठवडे जातात. मला वाटतं एकाच माणसाच्या हातात दोन-तीन पद्धती असतात, आणि काम बघून त्यातली काढायची असते.

कुचननगर, एक सवय सांगतो. लिहिण्याआधी मी टपरीवर सोबतच्या माणसाला बातमी तोंडी सांगतो. तो जिथे 'म्हणजे?' विचारतो ती जागा लिहिताना आधी घेतो. तुम्ही विडीशी काही संबंध नसलेल्या कोणाला तरी सांगून बघा. जुळे सोलापुरातल्या एखाद्या मैत्रिणीला सांगा, तिला नक्की प्रश्न पडतील.

कुचननगर

सगळ्यांचे मनापासून आभार. सातरस्ता मॅडम, हा माझा परिच्छेद, काही न बदलता:

'विडी उद्योग हा सोलापूर शहरातील एक महत्त्वाचा उद्योग असून त्यामध्ये मोठ्या प्रमाणावर महिला कार्यरत आहेत. सदर महिला पहाटे लवकर उठून घरकाम आटोपतात व त्यानंतर विडी वळण्याचे काम करतात. कारखान्यामध्ये विड्या जमा करताना काही विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जातात. त्यामुळे महिलांचे आर्थिक नुकसान होते.'

समासात लिहायला गेले तर 'उद्योग, घरकाम, छाट' एवढंच आलं. नुसती नावं.

मग काल रात्री तेलुगूत बोलून रेकॉर्ड केलं. बातमीदार दादांनी सांगितलं तसं, हे माहीत नसलेल्या मैत्रिणीला सांगतेय असं धरून. ते मराठीत उतरवलं ते असं:

'अम्मा रात्री जेवणं झाली की आधी पत्ता, म्हणजे विडीची पानं, भिजत घालते, मग भांडी घासते. पत्ता ओला झाल्याशिवाय कापता येत नाही, कोरडा असला की तुटतो. सकाळी उठून ती तो फडक्यात गुंडाळून ठेवते. पाणी भरून, स्वयंपाक करून झाला की पत्रा ठेवून कात्रीनं एका मापाची पानं कापते. त्यानंतर सूप घेऊन बसते. शाळेत असताना मी घरी आले की वळलेल्या विड्यांची तोंडं बंद करायला तिच्याशेजारी बसायचे. मी मुलाखतीत विचारलं, तुझं काम किती वाजता सुरू होतं? ती म्हणाली, दहा वाजता. कारखान्यात छाट निघणार हे तिला माहीत असतं, म्हणून ती हजाराच्या वर थोड्या विड्या वळूनच ठेवते. त्या वरच्या विड्यांचं तिनं कधी काही सांगितलं नाही. मला दिसतात म्हणून माहीत आहे.'

हे प्रकल्पात चालेल का मला माहीत नाही. 'मला दिसतात' असं लिहिलं तर चालतं का?

सातरस्ता_इतिहास

चालतं. चांगलं चालतं. तुमच्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एकदा स्पष्ट लिहा की तुम्ही त्याच घरातल्या आहात, कामात हातभार लावलेला आहे, आणि त्यामुळे काय दिसतं आणि काय दिसायचं राहून जाऊ शकतं. मग 'मला दिसतात' हा पुरावा ठरतो, आणि वाचणाऱ्याला त्याचं वजन ठरवता येतं.

आता तुमचं वाक्य बघा. पत्ता रात्री भिजत पडलाय, सकाळी कापून झालाय, आणि अम्मा म्हणते काम दहाला सुरू होतं. हजाराच्या वरच्या विड्या वळल्यात आणि त्यांचा उल्लेखच नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात. तुमचा विषय होता वेळापत्रक, आता तुमच्याकडे प्रश्न आहे: या बायका स्वतः कोणत्या वेळेला काम म्हणतात आणि कोणत्या वेळेला म्हणत नाहीत? मजुरी हजार विड्यांवर मिळते, तर जो वेळ हजारात बसत नाही तो त्यांच्या बोलण्यातूनही गळतो का?

'गळतो का?' हे मी मुद्दाम प्रश्न म्हणून ठेवतेय. एका घरावरून विधान करू नका. सगळी रेकॉर्डिंग याच एका प्रश्नासाठी पुन्हा ऐका. काम कधी सुरू होतं याचं उत्तर प्रत्येकीनं काय दिलं, आणि त्याआधी-नंतर बोलता बोलता भिजवणं, कापणं, छाट यांचं काय निघालं, ते वेगळं टिपा. कोणी म्हणाली असेल की माझं काम रात्रीच सुरू होतं, तर ती तुमच्यासाठी फार मोलाची, कारण ती वेगळं का म्हणते हे शोधावं लागेल. लिहिताना प्रश्न बदलला की पुरावाही नव्यानं ऐकावा लागतो. तारीख जवळ आली असली तरी हे टाळू नका, यातूनच तुमचं मुख्य प्रकरण होणार आहे.

'सदर महिला' काढा, 'या बायका' लिहा. प्रबंधाची भाषा साधी असली तर कुठल्याही नियमात अडत नाही. विडी उद्योगाची ती ओळ प्रस्तावनेत जाईल, होटगीरोड म्हणाले तशी सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा तिच्यापुढे तुमचा प्रश्न असेल.

आणि इथे पुढचं काही टाकाल तेव्हा बायकांची नावं, गल्ली, कारखान्याचं नाव काढून टाका. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलंय.

निवृत्त_मराठी_शिक्षक

'कोरडा असला की तुटतो.' मुली, हे वाक्य ठेव. कोणी कितीही सांगितलं तरी काढू नकोस.

कुचननगर

ठेवते सर.

मॅडम, आज विद्यापीठातून येताना बसमध्ये मावशीचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. वहीत तिचं उत्तर फक्त 'साडेनऊ' एवढंच आहे. रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणते, 'पत्ता कापून झाला की साडेनऊला काम चालू.' आणि आणखी एक आजी आहेत, त्यांना मी काम कधी संपतं असं विचारलं होतं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, संपतं कुठे, आणि मग लगेच म्हणाल्या, सहा वाजता. दोन्ही उत्तरं लिहून घेतली आहेत. मार्गदर्शक मॅडमना सोमवारी हा प्रश्न दाखवणार आहे, पानं नाही झाली तरी.

होटगीरोड दादा, तक्ता करायला घेतलाय. रकाने एका तासाचे करू की अर्ध्या?

होटगीरोड_मेकॅनिकल

अर्ध्या तासाचे करा. आणि सकाळपासून सुरू करू नका, आदल्या रात्रीच्या जेवणापासून करा. बायका ज्याला काम म्हणतात ते एका रंगात, तुम्ही ज्याला काम म्हणता ते दुसऱ्या रंगात. फाईल टाका, एक्सेलमध्ये रंग कसे भरायचे ते मी करून पाठवतो.